सराउंड हेडफोनमधून आवाज खरंच समोरून येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वन बीएचके फ्लॅट, आतल्या खोलीत लहान मूल झोपलेलं, त्यामुळे पाच-सात स्पीकर आणि सबवूफर लावायची सोय नाही. रात्री सिनेमे बघायचे आणि अधूनमधून शूटर गेम खेळायचे. दुकानात '7.1 सराउंड' लिहिलेले हेडसेट दिसतात. ते घेतले तर आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा वाटेल, की ही नुसती जाहिरात?

आधी थेट उत्तर. डावी-उजवी बाजू हेडफोनमधून उत्तम जमते, मागची बाजू बऱ्यापैकी जमते. वरून येणारा आवाज कोणाला वरून वाटतो, कोणाला नाही. समोरचा आवाज सगळ्यात अवघड. तीन मीटरवरच्या पडद्यातून संवाद येतोय असं वाटायला हवं, पण बऱ्याच जणांना तो कपाळाच्या आत किंवा चक्क मानेमागे ऐकू येतो. डब्यावरच्या 7.1 या आकड्याचा (सात दिशांचे सात चॅनल, म्हणजे आवाजाचे वेगळे पट्टे, आणि खर्जाचा एक) याच्याशी फारसा संबंध नाही. संबंध आहे तो तीन गोष्टींशी: आवाजावर जी प्रक्रिया होते ती कोणाच्या कानांच्या मापाची आहे, तुम्ही मान वळवली की ती प्रक्रिया बदलते का, आणि तिच्यात खोलीचं घुमणं किती घातलंय.

म्हणजे खरा प्रश्न हेडसेटमध्ये किती स्पीकर आहेत हा नाही. दोन कानांशी पोचलेल्या दोन आवाजांवरून मेंदू दिशा कशी काढतो आणि त्याला तेवढंच साहित्य हेडफोनमधून पुरवता येतं का, हा आहे.

आवाज बरोब्बर उजवीकडून आला तर तो डाव्या कानाशी साधारण 0.65 मिलिसेकंद उशिरा पोचतो. शिवाय डोक्याची सावली पडते, त्यामुळे दूरच्या कानात तीव्र सूर दबतात. वरच्या पट्टीत हा फरक 20 डेसिबलपर्यंत जातो. खर्जाच्या लाटा लांब, त्या डोक्याला वळसा घालून सहज पलीकडे जातात. म्हणून साधारण 1500 हर्ट्झच्या खाली मेंदूची भिस्त वेळेतल्या फरकावर असते आणि त्याच्या वर पातळीतल्या फरकावर. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी हे 1907 मध्येच मांडलं होतं. डावं-उजवं कळायला एवढं पुरतं, आणि हे दोन्ही फरक हेडफोनमध्ये तयार करणं सोपं आहे.

गोची पुढे आहे. समोर उजवीकडे 30 अंशांवर ठेवलेला स्पीकर घ्या आणि मागे उजवीकडे तेवढ्याच तिरप्या कोनात ठेवलेला दुसरा घ्या. दोघांचाही आवाज डाव्या कानाशी सुमारे 0.26 मिलिसेकंद उशिरा पोचतो, पातळीतला फरकही जवळजवळ सारखाच. मग पुढचा कोणता आणि मागचा कोणता? इथे कानाच्या बाहेरच्या वळ्या कामाला येतात. त्या वळ्यांवर आपटून आवाज कानाच्या भोकात शिरतो तेव्हा साधारण 5 ते 10 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काही सूर कापले जातात, काही उठतात. समोरून, मागून, वरून आलेल्या आवाजाचे हे काप वेगवेगळ्या जागी पडतात आणि मेंदूला लहानपणापासून त्यांची ओळख असते.

पटत नसेल तर घरीच करून बघा. डोळे मिटून खुर्चीत बसा, डोकं अजिबात हलवू नका. घरातल्या कोणाला तरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन कधी नाकासमोर, कधी टाळूच्या वर, कधी मानेमागे हातभर अंतरावरून खुळखुळवायला सांगा. तुम्ही बोट दाखवून दिशा सांगायची. बहुतेक वेळा बरोबर येईल. आता मळलेल्या घट्ट कणकेच्या बारीक गोळ्यांनी दोन्ही कानांच्या वळ्या बुजवा. भोक मोकळं राहिलं पाहिजे आणि कणीक आत ढकलायची नाही. परत तोच खेळ. डावं-उजवं अजूनही कळेल, पण टाळू, नाक आणि मान यांची सरमिसळ व्हायला लागेल. तिसऱ्यांदा कणीक काढून किल्ल्यांऐवजी मोबाइलवर 300 हर्ट्झचा सलग सूर वाजवायला सांगा. या वेळी कान मोकळे असूनही पुढचं-मागचं कळणार नाही, कारण त्या सुरात वळ्यांना कापायला वरचं काही नाहीच.

दिशेनुसार दोन्ही कानांत होणाऱ्या या सगळ्या बदलांचा जो नकाशा, त्याला एचआरटीएफ म्हणतात. हेडफोनमधलं आभासी सराउंड म्हणजे प्रत्येक चॅनलचा आवाज त्या-त्या दिशेच्या एचआरटीएफमधून गाळायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि दोनच चॅनल बाहेर काढायचे. तत्त्व एवढंच आहे आणि ते पक्कं आहे. स्वतःच्या कानांची मापं घेतली आणि डोक्याची हालचालही धरली, तर खोलीतला स्पीकर वाजतोय की हेडफोन, हे ओळखणं कठीण होतं. स्मिथ रियलायझर हे महागडं यंत्र नेमकं हेच करतं: ऐकणाऱ्याच्या कानात बारीक मायक्रोफोन बसवून खऱ्या खोलीतले खरे स्पीकर मोजतं आणि नंतर तीच खोली हेडफोनमध्ये उभी करतं.

बाजारातल्या स्वस्त गोष्टीत हे होत नाही. तिथे वापरलेले कान दुसऱ्याचे असतात. 1994 मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबने केमार नावाच्या पुतळ्याच्या कानात मायक्रोफोन बसवून 1.4 मीटरवरच्या 710 जागांवरून मापं घेतली आणि सगळ्यांसाठी खुली केली. 2001 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतून 45 जणांची मापं आली; त्यातले दोन पुन्हा केमारच, लहान आणि मोठ्या कानांचा. अशा 'सरासरी' कानांशी तुमचे कान जुळले तर नशीब. नाही जुळले तर दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावल्यासारखं होतं, दिसतं सगळं पण अंतराचा हिशेब चुकतो. एकाच हेडसेटला एक जण 'अफाट' म्हणतो आणि दुसरा 'बाथरूममध्ये बसल्यासारखं वाटतं' म्हणतो, त्याचं मुख्य कारण हे. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून अमुक मॉडेल तुम्हाला पटेलच, असं ऐकवल्याशिवाय कोणी छातीठोकपणे सांगू नये.

दुसरी गोष्ट मान वळवण्याची. खऱ्या खोलीत पुढचं-मागचं कळेनासं झालं की आपण नकळत मान थोडी वळवतो. मान 10 अंश उजवीकडे वळली तर समोरचा आवाज डाव्या कानाशी आधी पोचायला लागतो आणि मागचा उजव्या कानाशी. झालं, निकाल लागला. मानसशास्त्रज्ञ हान्स वॉलाख यांनी 1940 मध्ये हे दाखवून दिलं. साध्या हेडफोनमध्ये मान वळवली की अख्खी दुनियाच तुमच्याबरोबर वळते. मेंदूला कळतं की हा आवाज डोक्याला चिकटलेला आहे, आणि तो त्याला डोक्याच्या आत नेऊन ठेवतो. हेड ट्रॅकिंग असलेल्या हेडफोनमध्ये जायरोस्कोप हा सेन्सर मानेचं वळणं मोजतो आणि आवाज उलटा फिरवून जागच्या जागी ठेवतो. एअरपॉड्स प्रोमध्ये 2020 पासून हे आहे. मान हलवण्यापासून आवाज बदलेपर्यंतचा वेळ 60-70 मिलिसेकंदांच्या आत राहिला तर ते खपून जातं. त्यापेक्षा जास्त झाला की आवाज ओढल्यासारखा मागून येतो आणि सगळी जादू संपते.

इथे गेमची एक मजा आहे. मॉनिटरसमोर खेळताना मान स्थिर असते, पण माउसने तुम्ही दृश्य फिरवता आणि त्याबरोबर आवाजही फिरतो. माउस हाच तिथे हेड ट्रॅकर. वाइटमन आणि किस्लर या संशोधकांनी 1999 मध्ये दाखवलं की डोकं स्थिर ठेवून आवाजाचं फिरणं ऐकणाऱ्याच्या हातात दिलं, तरी पुढे-मागेच्या चुका मोठ्या प्रमाणात कमी होतात. त्यामुळे तोच हेडसेट गेममध्ये पटतो आणि सिनेमात फसवा वाटतो. यात हेडसेटची चूक नाही.

सिनेमात मात्र डोळे मदतीला येतात. रामदास पाध्यांच्या मांडीवरचा अर्धवटराव बोलायला लागला की आवाज बाहुल्याच्याच तोंडून येतोय असं वाटतं, कारण हलणारे ओठ कानांवर मात करतात. पडद्यावरच्या संवादाचंही तसंच होतं. म्हणून आभासी सराउंडची परीक्षा डोळे मिटूनच घ्यायची, पण सिनेमा बघताना मॉनिटर शक्य तितका नजरेसमोर, डोळ्यांच्या उंचीला ठेवायचा. लॅपटॉप मांडीवर घेऊन खाली मान घातली की समोरचा आवाज आणि चित्र यांची फारकत होते.

तिसरी गोष्ट खोलीची. नुसता कोरडा एचआरटीएफ लावला तर दिशा कळते, पण आवाज डोक्याबाहेर जात नाही. कानाच्या कडेला चिकटून बसतो. भिंतींवरून आपटून येणारे प्रतिध्वनी आले की अंतर तयार होतं. पण इथे लोभ वाईट. घुमणं वाढवलं की संवाद धूसर होतात आणि गेममधल्या पावलांची दिशा पुसट होते. शिवाय तुम्ही बसलाय पडदे-गादीच्या दहा बाय बाराच्या खोलीत आणि हेडफोनमध्ये घुमतोय कॉन्सर्ट हॉल, तर डोळ्यांना आणि कानांना दोन वेगळ्या खोल्या दिसतात आणि आवाज परत डोक्यात शिरतो. प्रीसेट निवडताना म्हणूनच सिनेमासाठी लहान खोलीचं आणि गेमसाठी जवळजवळ कोरडं घ्यावं.

आता दुकानातल्या डब्यांकडे येऊ. त्यांचे ढोबळ दोन प्रकार.

पहिला प्रकार, 'खरं 5.1' म्हणून विकला जाणारा. प्रत्येक कपात, म्हणजे कानावरच्या वाटीत, तीन-चार लहान ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) पुढे, मध्ये, मागे बसवलेले असतात. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटतं, पण खऱ्या खोलीत डावा स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येतो, आणि त्या दोन कानांतल्या फरकातूनच दिशा निघते. कपातला डावा ड्रायव्हर उजव्या कानाला ऐकूच जात नाही, म्हणजे तो 0.26 मिलिसेकंदांचा हिशेब मुळातच गायब. अंतर दोन-चार सेंटिमीटर, कपाच्या आत आवाज इकडून तिकडे आपटतो, आणि जागा वाटून घ्यावी लागल्याने ड्रायव्हर लहान, म्हणजे बेस पोकळ. एक गोष्ट मात्र या रचनेच्या बाजूने सांगायला हवी: पुढच्या बाजूने येणारा आवाज तुमच्या स्वतःच्या वळ्यांवर पडतो, त्यामुळे पुढचं-मागचं थोडं कळतं. पण तेवढ्यासाठी बाकी सगळं गमावू नये. हा प्रकार मी तरी कोणाला सुचवत नाही.

दुसरा प्रकार, आणि बहुतेक माल हाच: कपात एकेकच ड्रायव्हर, म्हणजे साधा स्टीरिओ हेडफोन, सोबत यूएसबी डोंगल किंवा कंपनीचं सॉफ्टवेअर. 7.1 हे सगळं त्या सॉफ्टवेअरमध्ये. तोच हेडसेट 3.5 मिमीच्या पिनने मोबाइलला लावला की 7.1 नाहीसं होतं. यात लबाडी नाही. दोन ड्रायव्हर पुरेसे आहेत हे वर आलंच. प्रश्न त्या सॉफ्टवेअरच्या दर्जाचा असतो. स्वस्त डोंगलवरचं 7.1 बटण पुष्कळदा फक्त आवाज रुंद करून त्यात घुमणं ओततं. ओळखायची खूण सोपी: बातम्या किंवा कुठलाही एका माणसाचा आवाज लावा आणि बटण दाबा. आवाज पुढे सरकून बाहेर गेला तर ठीक. पातळ, पोकळ झाला आणि न्हाणीघरातून आल्यासारखा वाटला तर ते बटण बंदच ठेवा.

त्यामुळे पैशाचा हिशेब असा लावा. तेवढ्याच पैशात 7.1 छापलेल्या हेडसेटपेक्षा चांगला स्टीरिओ हेडफोन येतो आणि सराउंडचं सॉफ्टवेअर वेगळं, बरंचसं फुकट मिळतं. ओपन-बॅक, म्हणजे मागून जाळी असलेला हेडफोन घेता आला तर आवाज डोक्याबाहेर जायला मदत होते. पण त्याचा आवाज बाहेरही येतो. मूल शेजारीच झोपत असेल तर क्लोज्ड-बॅक घ्या. पॅड कानाभोवती बसणारे हवेत, कानावर दाबणारे नकोत. चष्मा असेल तर काडीमुळे पॅडखाली फट राहते आणि बेस निसटतो, तोही दोन्ही बाजूंनी सारखा नाही. मऊ आणि जाड पॅड त्यावर उपाय.

हेडफोन हातात आला की सराउंड लावण्याआधी डावं-उजवं तपासा. मोनो पिंक नॉइज, म्हणजे दोन्ही कानांत अगदी एकसारखा खरखराट, वाजवा. डोळे मिटल्यावर तो नाकाच्या रेषेत एका ठिपक्यासारखा वाटला पाहिजे. एका बाजूला सरकलेला असेल तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. सरकणंही बाजू बदलत असेल तर हेडफोनमध्ये दोष आहे, बदलून घ्या. सरकणं त्याच कानाकडे राहिलं तर कानात मळ असेल किंवा ऐकण्यात फरक असेल, डॉक्टरांना दाखवा. ही पायरी लोक गाळतात आणि मग महिनाभर सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतात.

विंडोजवर पहिला प्रयोग फुकटचा. साउंड सेटिंग्जमध्ये तुमचं हेडफोनचं डिव्हाइस निवडा, स्पेशियल साउंडमध्ये 'विंडोज सॉनिक फॉर हेडफोन्स' चालू करा. त्याच यादीत डॉल्बी ॲटमॉस फॉर हेडफोन्स आणि डीटीएस हेडफोन:एक्स ही दोन विकतची आहेत, पण घेण्याआधी काही दिवस वापरून बघता येतात. तिघांचे कान वेगळे, खोल्या वेगळ्या. जे तुमच्या कानाला जुळेल ते ठेवा. पीएस5 असेल तर साउंडच्या सेटिंग्जमध्ये थ्रीडी ऑडिओची प्रोफाइल ठरवता येते. जिच्यात आवाज कानांच्या बरोबर उंचीला वाटतो ती निवडायची.

थोडी खटपट करायची तयारी असेल तर इक्वलायझर एपीओ (विंडोजचा सगळा आवाज गाळणारं सॉफ्टवेअर) आणि हेसुव्ही (त्याच्यावर चालणारं आभासी सराउंड) ही फुकट जोडी या सगळ्यांपेक्षा जास्त मोकळीक देते, कारण तिच्यात डझनावारी वेगवेगळ्या कानांची आणि खोल्यांची मापं आयती मिळतात. आधी एपीओ टाका, त्याच्या यादीत तुमच्या हेडफोनसमोर खूण करा, संगणक रीस्टार्ट करा, मग हेसुव्ही टाका. विंडोजच्या जुन्या साउंड पॅनेलमध्ये डिव्हाइस 'कॉन्फिगर' करून 7.1 निवडा. लोक हमखास अडकतात ते इथेच: पुष्कळ यूएसबी आणि ब्लूटूथ डिव्हाइस फक्त स्टीरिओ दाखवतात. मग व्हीबी-केबलसारखं आभासी साउंडकार्ड टाकून त्याला 7.1 करायचं, हेसुव्ही त्यावर चालवायचं आणि तिथून आवाज हेडफोनकडे वळवायचा. त्यात थोडा लॅग वाढतो. सिनेमात तो सावरून घेता येतो, गेममध्ये खटकतो. सगळ्या डिव्हाइसचा सॅम्पल रेट 48,000 हर्ट्झ ठेवा. मापांच्या फाइलचा रेट आणि डिव्हाइसचा रेट जुळला नाही तर गाळणी लागतच नाही आणि आपण आपलं 'काही फरकच नाही' म्हणत बसतो. सात चॅनलची बेरीज दोनांत होते म्हणून प्रीअँप, म्हणजे सॉफ्टवेअरमधली आवाजाची मूळ पातळी, 8 ते 10 डेसिबल खाली घ्या, नाहीतर स्फोटाच्या प्रसंगाला आवाज फाटतो.

हेडफोनचा स्वतःचा रंग, म्हणजे काही सूर उठवण्याची आणि काही दाबण्याची त्याची लकब, काढून टाकणं हेही इथेच जमतं. वळ्यांचे काप 5 ते 10 किलोहर्ट्झमध्ये पडतात आणि बऱ्याच हेडफोनचं शिखरही नेमकं तिथेच, 6-8 किलोहर्ट्झला असतं. शिखराने काप भरून निघाला की दिशा गेली. ऑटोईक्यू या खुल्या संग्रहात हजारो मॉडेलसाठी तयार इक्वलायझर आहेत. तुमचं मॉडेल सापडलं तर तो एपीओमध्ये घाला आणि मग एचआरटीएफ निवडा. उलट क्रमाने केलंत तर निवड परत करावी लागेल.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक: प्रक्रियेवर प्रक्रिया. काउंटर-स्ट्राइक 2 किंवा व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये स्वतःचं एचआरटीएफ असतं. ते चालू, वर विंडोज सॉनिक चालू, वर डोंगलचं 7.1 बटण चालू. म्हणजे आवाजाला तीन जणांचे कान एकावर एक लावले. पावलं दोन ठिकाणांहून येतात, सूर पातळ होतात. मार्ग दोनच. गेमचं एचआरटीएफ वापरायचं असेल तर बाकी सगळं बंद आणि आउटपुट साधा स्टीरिओ. बाहेरचं सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर गेममध्ये एचआरटीएफ बंद आणि आउटपुट 7.1 किंवा होम थिएटर. गेममध्ये 'हेडफोन' निवडून बाहेर सराउंड लावलं तर सॉफ्टवेअरच्या हाती दोनच चॅनल पडतात, आणि ते समोर दोन आभासी स्पीकर ठेवून मोकळं होतं. गेमचं स्वतःचं असेल तर मी तेच वापरायला सांगतो, कारण गेमला प्रत्येक आवाजाची खरी जागा माहीत असते, 7.1 मध्ये ती आधीच सात कोपऱ्यांत कोंबलेली असते.

सिनेमातही तेच बघायचं: मुळात सराउंड येतंय का? ब्राउझरमधलं बरंचसं यूट्यूब दोनच चॅनल देतं, तिथे '7.1 टेस्ट' नावाचा व्हिडिओ लावून हेडसेटची परीक्षा होत नाही. '8डी ऑडिओ' म्हणून फिरणारी गाणी म्हणजे साधा स्टीरिओ डावी-उजवीकडे फिरवून वर घुमणं लावलेलं असतं. ओटीटीवर तर एकच सिनेमा एका ब्राउझरमध्ये 5.1 येतो, दुसऱ्यात स्टीरिओ. ऑडिओच्या यादीत 5.1 किंवा ॲटमॉस लिहिलंय का ते बघा. आणि गाणी ऐकताना सराउंड बंद करा. स्टीरिओत मिक्स केलेल्या गाण्याला त्याने काही मिळत नाही, उलट तबल्याची थाप मऊ पडते आणि गायकाचा आवाज मागे सरकतो.

परीक्षा कशी घ्यायची? ज्यात प्रत्येक चॅनल वेगळा वाजतो अशी 7.1 ची खरी टेस्ट फाइल डाउनलोड करून प्लेयरमध्ये लावा. डोळे मिटा. दुसऱ्या कोणाला तरी पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा हे चारच चॅनल हवे तसे उलटसुलट वाजवायला सांगा, एकूण 20 वेळा. फाइलमध्ये चॅनलचं नाव बोलून दाखवणारा आवाज नको, नुसता खरखराट हवा, नाहीतर कान सोडून डोकं उत्तर देतं. तुम्ही फक्त 'पुढे' किंवा 'मागे' म्हणायचं. नुसते अंदाज ठोकले तरी दहाच्या आसपास बरोबर येतात. 15 च्या वर गेलात तर त्या सॉफ्टवेअरचे कान तुमच्या कानांशी बऱ्यापैकी जुळतात. दहा-अकरावर अडकलात तर दुसरं सॉफ्टवेअर घ्या. पाच-सहावरच राहिलात, तर तुमचा मेंदू पुढचं-मागचं सातत्याने उलटं वाचतोय. बऱ्याच जणांचा मात्र फक्त पुढचा आवाज मागे जातो, आणि मग बरोबर उत्तरं दहाच्या आसपासच राहतात. एक-दोन पर्याय असे निवडले की मग त्यातला एकच धरून दोन-तीन आठवडे रोज वापरा. 1998 मधल्या एका गाजलेल्या प्रयोगात लोकांच्या कानांच्या वळ्यांत साचे बसवून त्यांचा आकारच बदलला होता. सुरुवातीला उंची कळेनाशी झाली, पण काही आठवड्यांत मेंदूने नवे कान शिकून घेतले. रोज सॉफ्टवेअर बदलणाऱ्याला ही संधीच मिळत नाही.

सॉफ्टवेअर काहीही केलं तरी जुळत नसेल तर स्वतःच्या कानांचं माप हाच उपाय. आयफोन आणि एअरपॉड्स असतील तर आयओएस 16 पासून फोनचा पुढचा कॅमेरा कान बघून एक प्रोफाइल बनवतो. सोनीचं ॲपही कानांचे फोटो मागतं. फोटोवरून काढलेलं माप अंदाजाचंच, पण सरासरी पुतळ्यापेक्षा तुमच्या जवळचं असू शकतं. घरी खरं मोजमाप करायचं तर इम्पल्सिफर हे खुलं सॉफ्टवेअर आहे. दोन बारीक इलेक्ट्रेट मायक्रोफोन कानाच्या तोंडाशी इअरप्लगमध्ये बसवायचे, एखाद्या मित्राकडच्या चांगल्या स्पीकरवर साइन स्वीप, म्हणजे खर्जापासून तीव्र सुरापर्यंत सरकत जाणारा सूर, वाजवायचा, खुर्ची फिरवून वेगवेगळ्या दिशांची मापं घ्यायची आणि शेवटी मायक्रोफोन न हलवता हेडफोन चढवून त्याचंही माप घ्यायचं. बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. दोन वेगळे यूएसबी मायक्रोफोन वापरले तर त्यांची घड्याळं वेगळी चालतात आणि ज्या 0.26 मिलिसेकंदासाठी सगळा खटाटोप, तोच हरवतो. दोन्ही मायक्रोफोन एकाच स्टीरिओ इनपुटला हवेत. हेडफोन चढवताना मायक्रोफोन दोन मिलिमीटर जरी सरकला तरी वरच्या पट्टीचं माप वाया जातं. आणि पंखा बंद करायचा, मग कितीही उकडलं तरी.

राहिला वायरलेसचा प्रश्न. ब्लूटूथच्या नेहमीच्या जोडणीत 150 ते 250 मिलिसेकंद उशीर सहज होतो. सिनेमाचे प्लेयर तो सावरून घेतात, गेम नाही. तिथे वायर किंवा 2.4 गिगाहर्ट्झचं डोंगल असलेलाच हेडसेट घ्या. आणि गेम खेळताना ब्लूटूथ हेडसेटचाच माइक चालू केलात तर जुन्या प्रकारच्या जोडणीत तो फोन कॉलच्या मोडमध्ये जातो: आवाज मोनो, वरचे सूर कापलेले, म्हणजे सराउंड शून्य. तुमचा हेडसेट मधेच 'सपाट' होतो अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा. टेबलावर एक साधा यूएसबी माइक ठेवला आणि विंडोजमध्ये तोच इनपुट म्हणून निवडला की हा प्रश्न सुटतो, हेडफोन मग फक्त ऐकण्यापुरता राहतो.